मोह कोणी तोडते काय?

मशीनच्या चुका काढणारे जगात पुष्कळ असतील. पण मशीनची चूक पाहून ज्याला जेवण जात नाही आणि जो शेवटी मशीनला पुरावा दाखवायला चप्पल घालून बाहेर पडतो, असा माणूस पृथ्वीवर एकच आहे, आणि तो आलापल्लीत आमच्या घराच्या भिंतीला भिंत लावून राहतो. सगळे त्यांना पडदेवाले भाऊ म्हणतात, कारण उभं आयुष्य त्यांनी झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवले. राजवाडा, रस्ता, देऊळ कोणीही काढावं, पण जंगलाचा पडदा भाऊंचाच. लोक सांगतात, एकदा तालमीच्या वेळी एक बकरी स्टेजवर चढली आणि पडद्यावरचा पळसाचा पाला खायला लागली. मी भाऊंना खरंखोटं विचारलं, तर चिडलेच. "साफ खोटं हाय. बकरी कुठी पळस खाते बे? मी बोर काढली होती!"

मग फ्लेक्स आले, आणि पाठोपाठ भाऊंचा उजवा हात थरथरायला लागला. ब्रश सुटला. डोळे शाबूत होते, पण त्या डोळ्यांना कोणी काही विचारेना. दिवसभर दारात बसून समोरच्या दुकानांच्या पाट्यांना नावं ठेवायचे. शेवटी काकू मला म्हणाल्या, "बापू, याईले काही काम लावून दे. आता माह्या भाकरीचा गोल तपासून राह्यले."

मी तेव्हा मोबाइलवर एक काम करायचो. मशीनने बनवलेली चित्रं येतात, आपण बघायचं आणि 'बरोबर' किंवा 'चूक' दाबायचं. खाली शेरा लिहायला एक चौकोन असतो, तो कोणी भरत नाही. एकच चित्र बऱ्याच जणांकडे जातं. तुमचं उत्तर बहुतेकांपेक्षा वारंवार वेगळं आलं की ताकीद मिळते, आणि तिसऱ्या ताकिदीला खातं बंद. मी चहा पिता पिता पन्नास चित्रं उडवायचो. भाऊंनाही खातं काढून दिलं. भाऊंनी आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला, चष्मा पुसला आणि पहिलं चित्र सकाळी नऊला उघडलं. साडेदहाला मी डोकावलो, तर तेच चित्र.

"भाऊ, दाबा ना काहीतरी!"

"थांब. अंगण सारवलं हाय, पण सारवणाचा हात उलटा फिरला हाय. डावखुरी बाई असू शकते. तिच्यावर अन्याय नको."

मशीनला ते यंत्र मानायचेच नाहीत, हाताखाली नवीन लागलेला शिकाऊ मानायचे. वाघ चांगला काढला की "वा रे पठ्ठ्या" म्हणत मोबाइलची पाठ थोपटायचे. एकदा त्याने सागाला आंब्याएवढी पानं काढली. सागवानाच्या आलापल्लीत बसून हे कोण सहन करणार? भाऊ उठले, सुपाएवढं सागाचं पान घेऊन आले आणि मोबाइलसमोर धरून बसले. "पाह्य, नीट पाह्य. याच्यात जेवण वाढते लोक." मी म्हटलं, भाऊ, त्याला दिसत नाही. तर म्हणाले, "तुलेही दिसत नोव्हतं. माह्याजवळ बसून तू शिकला ना?" आणि मग तो रिकामा चौकोन त्यांनी थरथरत्या बोटाने, एकेक अक्षर शोधत, आपल्या बोलीत भरला. त्या एका शेऱ्याला दुपार लागली.

मी गावभर त्यांची नक्कल करायचो. चष्मा नाकावर, मान तिरपी, "अरे बाबू, हे तू कुठी पाह्यलं?" चौकात हशा ठरलेला. भाऊंनी एकदा पाहिलं आणि गंभीरपणे सांगितलं, "मान उजवीकडे कलत असते माही. तू डावीकडे करून राह्यला."

असं करता करता दोन ताकिदी जमल्या. आणि मग मोहाचं चित्र आलं. हिरव्यागार झाडाखाली दागिने घातलेली बाई टाचा उंचावून, हसत हसत, फांदीवरून मोहफुलं तोडतेय. वर विचारलं होतं, मोहफुलं गोळा करण्याचं हे चित्र बरोबर आहे का? दूरदूरच्या शहरांतले सगळे 'बरोबर' दाबणार हे दिसतच होतं. सुंदर चित्र होतं हो!

"भाऊ, पाया पडतो, या वेळी 'बरोबर' दाबा. तिसरी ताकीद आली तर खातं जाईल."

भाऊंनी चष्मा काढला. "मोह कोणी तोडते काय रे? मोह आपल्या मनानं गळते. पहाटे खाली येते, मंग आपण वाकून वेचतो. त्यासाठी आधी झाडाखालचा पाला झाडून ठेवतो. आन् गळती लागते तवा झाडाले पान तरी कुठी राह्यते?"

"मशीनले काय फरक पडते जी?"

"मले पडते. ज्यानं मोह पाह्यलाच नाई, तो यालेच विचारन. आन् मी 'बरोबर' म्हणून ठेवलं असन."

आतून काकू म्हणाल्या, "अहो, दाबून टाका! घरात बसून पुन्हा माही भाकर तपासान!" भाऊंनी 'चूक' दाबलं आणि चौकोनात सगळं लिहिलं. गळणं, वेचणं, झाडणं, बिनपानाची फांदी. सकाळी खातं बंद. मला वाटलं, रागावतील. ते मोबाइलच्या बंद पडद्याकडे बघत एवढंच म्हणाले, "मंग आता त्याले कोण सांगन?" काकूंनी त्या दिवशी भाकरी मुद्दाम वाकडी केली. भाऊंनी तिच्या गोलाकडे न बघताच ती खाल्ली. काकूंना तेच लागलं.

काही महिन्यांनी माझ्या मोबाइलवर मोहाचं चित्र आलं. फांद्यांना पान नाही. जमीन झाडलेली. बाया वाकून वेचताहेत. भाऊंमुळे झालं की आणखी कोणी सांगितलं, कळायला मार्ग नाही. मी तसाच भिंतीपलीकडे पळालो. भाऊंनी मोबाइल हातात घेतला. हात थरथरत होता, म्हणून मी खालून धरला. फांदीपासून जमिनीपर्यंत त्यांनी चित्र तपासलं.

"शिकला," म्हणाले. मग मान उजवीकडे कलली. "पण ऊन पाह्य. सावली पायाखाली हाय, मंजे दुपार. इतक्या उशिरापर्यंत गाईढोरं फुलं राहू देतीन काय?"

घाईघाईत चित्रं उडवून मलाही तोवर दोन ताकिदी मिळाल्या होत्या. मी 'चूक' दाबलं आणि चौकोन उघडला. भाऊ सांगत गेले, मी लिहीत गेलो, त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच चालीत, एकही शब्द न बदलता. आजवर त्यांची इतकी नक्कल केली, पण समोर हसायला कोणी नाही अशी नक्कल ही पहिलीच.