धरणाचा भोंगा वाजला आणि आम्ही घड्याळ बघितलं

"धड घेऊन जाऊन राहिली, धडच आणजो," आईने दारातच मला बजावलं. बाबा सदुसष्ट वर्षांचे, उजवा गुडघा कुरकुरणारा, आणि हौस काय, तर धरणाखालच्या नदीत पाण्यात उभं राहून मासे धरायचे! इतकी वर्षं भिलाईच्या स्टील प्लांटमधल्या मित्रांबरोबर जायचे. ते मित्र एकेक करून मुलांकडे पुण्या-बंगलोरला गेले, आणि बाबा पेपरातल्या टेंडर नोटिसासुद्धा वाचायला लागले. मला ते बघवेना. म्हटलं, चला, मी येते. मासेमारीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण गाडी चालवता येते.

मार्चमधला रविवार. सकाळी साडेपाचला भिलाईतल्या आमच्या मरोद्याहून निघालो. दुर्ग, गुंडरदेही, बालोद आणि पुढे पाऊण तास. बालोदपर्यंत रस्ता लोण्यासारखा, पुढे खड्ड्यांना तोटा नाही, तेव्हा लहान गाडीवाल्यांनी दमाने घ्यावं. गुंडरदेहीला टपरीवर तांदळाच्या पिठाचा गरम चीला आणि टमाटरची झणझणीत चटणी मिळाली. ऐंशी रुपयांत दोघांची पोटं भरली. धरणाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी अर्धी भिलाई तिथे हजर!

वरच्या जलाशयात मासेमारीचा ठेका असतो, तिथे गळ टाकायचा नाही. खाली नदीत टाकायचा तर गावात विचारून जा. आम्हाला मनीराम भेटला, तिथे लहानपणापासून जाळं टाकणारा केवट. खालचे बंधारे भरायला धरणातून कधीही पाणी सोडतात, असं त्याने आधीच सांगितलं. "भोंपू बाजही त निकल जाहू बबा. गरी-वरी ला झन देखहू," तो बाबांना म्हणाला. भोंपू वाजला की निघायचं, गरीबिरी बघत बसायचं नाही. गरी म्हणजे गळाची काठी. मग त्याने पाण्याच्या कडेला एक काडी रोवली. ती बुडायला लागली की पाणी चढतंय असं समजायचं. शेवटचं म्हणजे, आपल्या काठालाच राहायचं. मधल्या खडकावर गेलात तर पाणी आधी खडक आणि काठ यांमधल्या खोलगट भागात भरतं, आणि माणूस अडकतो.

बाबांनी मान डोलावली आणि सरळ मधल्या खडकाकडे निघाले.

"बाबा, तो काय म्हणाला?"

"तू मले शिकवून राहिली काय? चाळीस वर्षं झाले गरी खेळून राहिलो. टेंगना तिकडंच भेटते."

टेंगना म्हणजे लांब मिशांचा मासा. तो भेटला, खोटं कशाला बोलू. एक नाही, दोन! मी काठावर दगडावर पाय सोडून बसले होते, ऊन कोवळं होतं आणि बाबा शीळ घालत होते. ती शीळ मी कित्येक वर्षांनी ऐकली. मला इतकं बरं वाटलं की त्यांना परत बोलवायचं मी विसरूनच गेले. ही चूक माझी.

मग भोंगा वाजला. लांबलचक, एका सुरात. बाबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. आणि मी? मी मोबाईल काढून वेळ बघितली! भिलाईकरांचं हे असंच आहे. भोंगा म्हणजे शिफ्ट बदलली, घड्याळ लावा, चहा टाका. त्याचा अर्थ 'पळा' असाही असतो, हे आमच्या डोक्यात शिरतच नाही.

"नऊ चाळीस," बाबा खडकावरून ओरडले. "हा कोणता टाईम आहे भोंग्याचा?"

"निकलव बबा, निकलव!" मनीराम बांबू घेऊन धावत आला. मी खाली बघितलं. काडीचं नुसतं टोक वर उरलं होतं.

बाबा उतरले खरे, पण एका हातात गरी आणि खांद्यावर पिशवी. मधलं पाणी जाताना नडगीभर होतं, आता मांडीला लागत होतं. ते डगमगले. मी जन्मात बाबांवर आवाज चढवला नव्हता, तो चढवला. "गरी सोडा, बाबा! आत्ताच्या आत्ता सोडा!"

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि सोडली. पिशवीही गेली, टेंगन्यांसकट. मग मोकळ्या हातांनी, पाय न उचलता, घासत घासत, धारेबरोबर तिरपे येत त्यांनी मनीरामच्या बांबूचं टोक धरलं. मी त्यांच्या शर्टाला धरलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही. दहा मिनिटांनी तो खडक कुठे होता तेही कळेना. मनीरामने चुलीवरचा काळा चहा पाजला. रागावला नाही, पण बांबूही हातातून ठेवला नाही.

येताना मी आईसाठी थाप जुळवत होते: गरी मोडली, म्हणून टाकून दिली. दारात आईने विचारलंच, "गरी कुठं आहे?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "नदीत गेली. मी चुकलो होतो. हिनं सोड म्हटलं, मी सोडली."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. तिच्या एवढ्या वर्षांच्या संसारात 'मी चुकलो' हे तिने पहिल्यांदाच ऐकलं असावं. डोळ्यांना पदर लावून ती मला म्हणाली, "नवीन गरी आणून दे यायले. पण हे जातीन तवा तू संग जाजो. माह्यं तं कधी आयकलं नाही त्यायनं."