बाईंच्या दातांमधल्या जागा

आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या तोंडात प्रत्येक फटीला नाव होतं. त्यांना सगळे बाईच म्हणायचे. दुपारी भांडी घासून झाली की त्या बोट लावून मला दाखवायच्या, "ही सुमनची जागा, ही बाळूची. पोटात पोरांनी हाडं कशाची केली? माझ्याच दातांची." शेवटी वरच्या पुढच्या फटीवर बोट ठेवायच्या. "आन ही बेबीची." बेबी बारशाच्या आधीच गेली होती. तिचा फोटो नव्हता, झबलंही कुणी ठेवलं नव्हतं.

मिशरी त्या घरीच भाजायच्या. तव्यावर तंबाखू काळी झाली की आम्हाला ठसका लागायचा, त्यांना नाही. सकाळी, जेवल्यावर, कांदे लावून आल्यावर डबी उघडायची. दात ठणकला की आणखी. "तोंड बधिर झालं म्हंजे कामं होतात," असं म्हणायच्या.

दिवस गेले की त्यांना उलट्या लय व्हायच्या. गोड चहा तेवढा पोटात राहायचा. बाळंतपणात सासूबाई दात घासू द्यायच्या नाहीत, दात हलतात म्हणायच्या. माझ्या वेळीही तेच झालं. माझे दोन दात गेले तेव्हा बाई म्हणाल्या, "धाकले, आता तूबी नावं ठेवाय लाग."

"कुणाला?"

"जागांना गं! मला नको ठिवू." पदर तोंडावर घेऊन त्या कितीतरी वेळ हसत होत्या.

पुढं सुमन पहिल्या बाळंतपणाला माहेरी, कळवणला आली, ती सुजलेला गाल घेऊनच. पोटुशीनं दाताला हात लावू नये असं सगळे म्हणाले. बाईंनी ऐकलं नाही. "माझे गेले तेवढे बास," म्हणाल्या आणि तिला एसटीनं नाशिकला नेलं. सोबत मी होते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. सुमनची दाढ साफ करता करता त्यांनी समजावलं, "मावशी, बाळ आईचे दात खात नाही. उलटीनंतर चूळ भरायची, बाळंतपणातही दात घासायचे. तुमचे गेले ते मिशरीनं, गोड चहानं आणि न घासल्यानं." मग बाईंचं तोंड बघून म्हणाल्या, "उरलेले काढून कवळी बसवू. भाकरी खाता येईल."

बाईंनी पुढच्या फटीवर बोट ठेवलं. "येवढी जागा मोकळी ठिवता येईल का?"

"कवळीत फट ठेवत नाहीत, मावशी," डॉक्टरीणबाई हसल्या.

परतताना सुमन झोपली. बाई हळूच म्हणाल्या, "धाकले, मंग बेबीनं माझं काहीच नेलं नाय का गं?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

सुमनचे दात राहिले. बाईंनी कवळी बसवली नाही, भाकरी आमटीत कुस्करूनच खाल्ली. मिशरीही सुटली नाही. जागांची नावं मात्र त्यांनी पुन्हा घेतली नाहीत.

त्या गेल्या तेव्हा अंघोळ घालताना एक शेजारीण म्हणाली, "कवळी असती तर तोंड असं बसलं नसतं." बाईंचे ओठ थोडे उघडे होते. बेबीची जागा दिसत होती. ती मी बघून घेतली आणि मग ओठ मिटवले.