तीन भोकांचा वाचक

माझ्या पीएचडीला नववं वर्ष लागलं, तेव्हा आमच्या घरात तिच्याबद्दल बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. जुन्या दुखण्याबद्दल जसं कुणी रोज विचारत नाही, तसं. विषय होता मराठी विज्ञानकथा. नोंदणी केली तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो आणि हा विषय कुणी फारसा हाताळलेला नाही, असं मला वाटत होतं. का हाताळलेला नाही, ते नऊ वर्षांत कळलं.

पहिलं प्रकरण व्याख्येचं. विज्ञानकथेत 'आज अस्तित्वात नसलेलं, पण होऊ शकेल असं' काहीतरी असतं, असं लिहून मी खाली उदाहरणांची यादी दिली होती. दर मुदतवाढीला त्या यादीतलं काहीतरी अस्तित्वात यायचं. माणसाशी बोलणारं आणि त्याला निबंध लिहून देणारं यंत्र मी मोठ्या विश्वासानं यादीत टाकलं होतं. पुढे माझ्याच वर्गातल्या पोरांनी त्याच्याकडून निबंध लिहून आणले, आणि मी ते तपासले. यादीतून ते यंत्र खोडताना मला शास्त्रज्ञांचा रागच आला. माझी मुदत संपेपर्यंत जरा थांबायचं होतं. मार्चपर्यंत.

नोकरी चांदवडच्या एका कॉलेजात, घर नाशकात. सकाळी एसटी, संध्याकाळी एसटी. स्टाफरूममध्ये शिरलो की इतिहासाचे सर विचारायचे, "काय सर, उतरले का तुमचे परग्रहवासी?" मी म्हणायचो, "चांदवडच्या फाट्यावर थांबलेत, कांद्याच्या ट्रॅक्टरांतून वाट मिळेना." पहिल्या वर्षी याला सगळे हसले होते. नवव्या वर्षी मीही हसत नव्हतो, पण उत्तर तेच द्यायचो, कारण नवं सुचायला अंगात त्राण लागतं.

शेवटची मुदतवाढ संपायला नऊ दिवस उरले होते. त्यानंतर नोंदणी रद्द. या खेपेला मात्र मी निर्धास्त होतो, कारण माझ्याकडे पाचवं प्रकरण होतं.

त्याची गोष्ट अशी. मराठी विज्ञानकथा बरीचशी दिवाळी अंकांत छापली गेली आणि दिवाळी अंक बरेचसे रद्दीत गेले. पंचवटीतली एक जुनी लायब्ररी बंद झाली तेव्हा मी तिचे दोन पोती अंक रद्दीवाल्याच्या आधी गाठले. ते चाळताना मला काही पानांच्या समासात तीन बारीक भोकं दिसली, त्रिकोणात पाडलेली. पान उजेडासमोर धरलं की तीन चांदण्या. पुढच्या अंकात तेच, त्याच्या पुढच्यात तेच. आणि गंमत म्हणजे ही भोकं फक्त विज्ञानकथांच्याच पानांवर! कौटुंबिक कथा कोऱ्या, विनोदी कथा कोऱ्या. त्यातही भोकं असायची ती नेमकी अशा पानावर, जिथं कथेतला शास्त्रज्ञ आपल्या मित्राला सगळा सिद्धांत समजावून सांगतो.

संशोधकाला आयुष्यात एकदा असा क्षण येतो म्हणतात. मला वाटलं, आपला आला.

भोकं पाडणारा तो वाचक मी मनाशी उभा केला. सातपूरच्या कारखान्यातला इंजिनिअर असणार. लायब्ररीच्या पुस्तकावर पेनानं खूण केली तर दंड, म्हणून कंपासच्या टोकानं भोकं पाडणारा. शिस्तीचा, एकटा, भुकेला वाचक. कथेतलं विज्ञान जिथं उलगडतं, तिथं थांबून नोंद करणारा. त्याला मी 'त्रिकोणी वाचक' असं नाव दिलं आणि त्याच्यावर बावन्न पानं लिहिली. मराठीत विज्ञानकथेला वाचक नव्हता असं म्हणणाऱ्यांना परस्पर उत्तर. माझ्या गाईड मॅडम वयानं माझ्याहून सात वर्षांनी लहान आहेत आणि सहसा कशाला चांगलं म्हणत नाहीत. त्या म्हणाल्या, "सर, बाकीची चार प्रकरणं ठीक आहेत. पण प्रबंध उभा आहे तो या पाचव्यावर."

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं. पाय मोडल्यापासून, म्हणजे वर्षभर, त्या आमच्याकडे होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. मखमलाबादच्या बाजूला त्यांचा फुलांचा मळा होता, शेवंती आणि झेंडू. पंचवटीत फुलांच्या बाजारात त्या उभी हयात हार गुंफत बसल्या. जावयाच्या घरी राहणं त्यांना पसंत नव्हतं, म्हणून त्यांनी मध्यममार्ग काढला होता: राहायचं, पण जावयाशी थेट बोलायचं नाही. सगळं लेकीमार्फत. मी समोर बसलेला असतानाही त्या बायकोला म्हणायच्या, "त्यांना इचार, चहा घेणार का." बायको मला विचारायची. मी बायकोला हो म्हणायचो. ती त्यांना सांगायची. आमच्या घरात चहा असा तीन टप्पे घेऊन व्हायचा.

रविवारी दुपारी मी बायकोला पाचवं प्रकरण वाचून दाखवत होतो. ती शुद्धलेखन तपासत होती, म्हणजे ऐकता ऐकता पेंगत होती. सासूबाई कॉटवर मेथी निवडत होत्या. मी त्या इंजिनिअरच्या एकाकी संध्याकाळपर्यंत पोचलो, आणि कॉटवरून आवाज आला.

"इंजिनेर कुठला हो?"

आधी मला कळलंच नाही की हा प्रश्न मला आहे. बायकोही जागी झाली.

"जावईबापू, इंजिनेर नव्हता तो. ती भोकं माझी हायेत. हाराच्या सुईची."

मी अंक पुढे केला. त्यांनी पान खिडकीकडे धरलं आणि मान हलवली. "माझीच."

"आई, मग इतके दिवस का नाही बोललीस?" बायको म्हणाली.

"बोलले व्हते ना तुला. म्हणलं नव्हतं, त्यांना इचार ती भोकं कशाला बघतात?"

"मला वाटलं तू चेष्टा करतेस."

"जावयाची चेष्टा करीन का मी? आन् जावयाला कोण सांगणार, तुमचं चुकतंय म्हणून?"

माझा जीव मात्र अजून त्या प्रकरणात अडकला होता. मी घाईघाईनं हिशेब जुळवला. इंजिनिअर नसेल, पण वाचक तर होताच! पुरुष नाही तर स्त्री, कारखान्यातली नाही तर फुलबाजारातली, हे तर आणखी मोलाचं. मी विचारलं, "म्हणजे आई, तुम्हाला विज्ञानकथा इतक्या आवडायच्या?"

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. बायकोकडे पाहिलं. बायकोनं नजर वळवली.

"आवडायच्या नाय हो. जिथं सोडून द्यायची, तिथं भोकं पाडायची मी. लायब्ररीचा अंक फिरून फिरून परत हाती यायचा, आन् मी तीच गोष्ट परत धरायची. दोन पानं गेली की ध्यानात यायचं, अगं बाई, ही तीच. म्हणून खूण. इथून पुढं जायचं नाय."

बावन्न पानं माझ्या मांडीवर होती. त्यांचं वजन एकाएकी वाढलं असं लिहायचा मोह होतो, पण खरं सांगायचं तर मला फक्त झोप आली. कुणी दिवा बंद केला असता तर मी तिथंच, सोफ्यावर, पुढची नऊ वर्षं झोपलो असतो.

"बाकीच्या गोष्टी?" बायकोनं विचारलं.

"त्या सगळ्या पुऱ्या केल्या की! त्याला खूण कशाला?"

सासूबाई मग हळूच म्हणाल्या, "माझ्यापायी तुमची पदवी जाईल का?" आणि माझ्या मांडीवरच्या कागदांकडे पाहून, "ऱ्हाऊ द्या. इंजिनेरच लिवा. मी कुणाला सांगत नाय."

हे मी लपवणार नाही: पंधरा मिनिटं मी त्यावर विचार केला. कुणाला कळणार होतं? बायको सोडली तर साक्षीदार एकच, आणि ती जावयाशी बोलतसुद्धा नाही. नऊ दिवस उरलेत, चार प्रकरणं ठीक आहेत, पाचवं वाचायला गोड आहे. मी चप्पल घालून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो. परत येऊन विचारलं ते भलतंच.

"आई, पण सोडायच्या कशामुळे?"

"सुरुवात चांगली असायची हो. जीव लागायचा. मग तो प्रोफेसर यायचा." माझ्याकडे पाहून त्या थबकल्या. "म्हणजे गोष्टीतला. तो खुर्चीत बसायचा आन् मित्राला सांगायला लागायचा, हे असं, ते तसं, दोन पानं, तीन पानं. माझ्याम्होरं गिऱ्हाईक उभं. आन् ज्याचं काहीतरी झालंय तो बसलाय तिकडं. एक गोष्ट मला अजून सलते. एका बाईचा नवरा गच्चीवर अँटेना नीट करायला चढतो आन् उतरतच नाय. ती खालून हाका मारती. मग आला प्रोफेसर. मी दिली सोडून. तो उतरला का हो?"

ती कथा मी नऊ वर्षांत चारदा वाचली होती, तिच्यातल्या मितींच्या कल्पनेवर सहा पानं लिहिली होती. तरी उत्तर आठवेना. अंक काढला. शास्त्रज्ञ समजावतो, मित्र थक्क होतो, मानवजातीपुढच्या धोक्याबद्दल एक परिच्छेद येतो, कथा संपते. गच्चीवरच्या माणसाचं पुढे काय झालं, ते कुठंच नव्हतं. लेखक त्याला विसरला होता. आणि मीही.

"नाही उतरला," मी म्हणालो. "विसरले त्याला."

"बघा!" सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे चक्क भरून आले. "आन् ती बाई खालीच उभी."

मी मॅडमना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं.

"सर, तुम्हाला हे पुढच्या महिन्यात कळलं असतं तर चाललं नसतं का?"

"चाललं असतं, मॅडम."

"प्रकरण गेलं ते गेलं. आता दोनच वाटा. एक, नोंदणी रद्द. दोन, वाचक कुठं थांबतो, यावर आठ दिवसांत नवीन प्रकरण. ती बाई जिवंत आहे, तुमच्या घरात आहे. विचारा तिला."

मग कॉलेजात रजा टाकली आणि मी आणि सासूबाई हॉलमध्ये बसलो. मी भोकं पाडलेलं पान उघडायचो, त्या आधीची पानं पुन्हा वाचायच्या आणि का सोडली ते सांगायच्या. काही ठिकाणी म्हणायच्या, "ही नाय सोडायला पायजे होती, त्या दिवशी गिऱ्हाईक लय होतं." तेही मी लिहून घेतलं. बायको चहा ठेवून जायची. तिच्यामार्फत बोलायला आम्हाला वेळच नव्हता. चार दिवसांत त्या मला "अहो, असं नाय म्हणले मी" म्हणून दटावायला लागल्या. नवं प्रकरण चोवीस पानांचं झालं. त्यात सिद्धांत कमी आहेत, आणि ते थकलेल्या माणसानं लिहिलंय हे वाचणाऱ्याला कळेल.

नावाचा प्रश्न आला तेव्हा त्या घाबरल्या. "नाव नको. माझी जाऊ हाय अजून. ती म्हणेल, मी हार गुंफून मेले आन् ही गोष्टी वाचत बसली." म्हणून परिशिष्टात फक्त माहिती दिली.

शेवटच्या दिवशी सकाळी छापलेल्या पाच प्रती घेऊन मी घरी आलो. बांधणी व्हायची होती. परिशिष्टाचं पान मी सासूबाईंच्या हातात दिलं. चष्मा लावून त्यांनी बोट ठेवत वाचलं: वाचक: स्त्री. वय: अठ्ठ्याहत्तर. शिक्षण: सातवी. व्यवसाय: हार-फुले विक्री.

बोट शेवटच्या ओळीवर राहिलं.

"इक्री नको," त्या म्हणाल्या. "शेती लिवा. मळा आमचा होता. लोकाची फुलं नाय इकली मी कधी."

पाच वाजता प्रबंध स्वीकारणं बंद होणार होतं. झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होती, आणि माझे पाय दुखत होते. मी पेन ड्राइव्ह घेऊन पुन्हा जिना उतरलो.