देवापुढं ठेवलेला टर्मिनेटर

"वाळिंबे, ते तुमचं फुकटचं लिनक्स आजच्या आज काढायचं. आणि त्या मुलीलाही."

जी.एम.साहेबांनी मला अजून बसा म्हटलं नव्हतं. सातारहून पहाटेची एस.टी. पकडून, सांगली स्टँडवरून रिक्षा करून मी माधवनगरच्या बाजूच्या त्या सूतगिरणीत पोचलो होतो. हातात टूलबॅग, डोक्यावर कापसाची धूळ, पोटात चहासुद्धा नाही. आणि हे स्वागत.

"साहेब, आधी काय झालंय ते बघू द्या."

"बघायचंय काय? तीन दिवस नेटवर्क बंद आहे. लॅबचे रिपोर्ट शिपाई हातात घेऊन पळतायत. माल गेटवर अडकलाय. पुण्याच्या एका कॉम्प्युटरवाल्या पार्टीला फोन केला, ते म्हणाले, लिनक्स म्हणजे कॉलेजच्या पोरांचा खेळ, कारखान्यात कुणी घालत नाही. धर्माची गाय, दुसरं काय!"

मी सातारच्या एका लहानशा कंपनीत सपोर्ट इंजिनियर होतो. साल अठ्ठ्याण्णव. आठ महिन्यांपूर्वी आम्हीच या गिरणीत नेटवर्क टाकलं होतं. सहा कॉम्प्युटर एका केबलवर. पहिला सर्व्हर, मग टाइम ऑफिस, स्टोअर, लॅब, हेड ऑफिस आणि शेवटचा जी.एम.च्या केबिनमध्ये. सर्व्हरवर लिनक्स होतं. कॉम्प्युटर चालवणारी ही मूळ प्रणाली जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणालाही मोफत वापरता येणारी. कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मी ती चढवली होती. आठ महिन्यांत सर्व्हर एकदाही अडकला नव्हता. पण न अडकणाऱ्या गोष्टीचं कौतुक करायला कुणी फोन करत नाही.

"आणि मुलीचं काय?" मी विचारलं.

साहेबांनी टेबलावरचा टाइप केलेला कागद माझ्याकडं सरकवला. विषय होता कामातील हलगर्जी. खाली शैलाचं नाव, सहीची जागा रिकामी. "चार वाजता सही करून देणार आहे. सर्व्हरला हात लावणारी तीच एकटी. रजेवर जाताना काहीतरी करून गेली."

शैला ही तिथली ऑपरेटर. मूळची विट्याकडची, टेंपररी म्हणून लागलेली. दिवाळीत कायम करतो असा शब्द तिला साहेबांनीच दिला होता. घरात वडील अंथरुणावर, पगार हिचा एकटीचा. मी चार दिवस शिकवलं, पुढचं सगळं ती झेरॉक्स वाचून शिकली. सातारला आमच्याकडं डिग्रीवाले दोघे होते, त्यांना जी कमांड आठवत नसे ती हिला पाठ. अशा मुलीच्या नावानं हलगर्जीचं पत्र! माझं डोकं तिथंच तापलं, पण गिऱ्हाइकापुढं डोकं तापवायचं नाही असं आमच्या कंपनीचे सर रोज बजावायचे. मी "बघतो" म्हणून बाहेर आलो.

शैला सर्व्हरच्या खोलीत उभीच होती. डोळे सुजलेले, आवाज मात्र ठाम.

"सर, मी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी रजेवर गेले. तेव्हा सगळं चालू होतं. दसऱ्याची सुट्टी झाली, दुसऱ्या दिवशी आले तर बंद. मी काय काय बघितलं ते सगळं लिहून ठेवलंय."

तिनं वही पुढं केली. मी ती बाजूला ठेवली आणि आधी कीबोर्डवर बसलो. ही माझी चूक. ती आजही मान्य करतो.

नेटवर्क बंद पडलं की आम्ही आतून बाहेर जातो. पहिली कमांड ping. समोरच्या मशीनला हाक मारायची, "ओ" येते का बघायचं. सर्व्हरनं स्वतःला हाक मारली, ओ आली. म्हणजे लिनक्स शुद्धीवर होतं. लॅबच्या मशीनला हाक मारली, ओ नाही. स्टोअरला मारली, नाही. मग ifconfig. ही कमांड नेटवर्क कार्डाचा हालहवाल सांगते. कार्ड जिवंत, पत्ता बरोबर. पण collisions या शब्दापुढचा आकडा दर खेपेला फुगत होता. कोलिजन म्हणजे एकाच केबलवर दोन संदेश एकमेकांवर आदळणं. सहा मशीनच्या नेटवर्कमध्ये ते इतकं होत नसतं.

मग मी सर्व्हर चक्क बंद केला. स्टोअर आणि लॅब, दोन्हीकडं विंडोज. ती दोन मशीन तरी एकमेकांना दिसतात का बघितलं. नाही दिसली. लिनक्स बंद असतानाही नेटवर्क बंदच, तर दोष लिनक्सचा कसा? एवढी साधी गोष्ट. पुण्याच्या माणसानं जागेवर न येता फोनवरून निदान केलं होतं, आणि साहेबांनी त्यावर एका मुलीला नोकरीवरून काढायला घेतलं होतं. वड्याचं तेल वांग्यावर काढायलाही काही मर्यादा असते!

आता केबलविषयी थोडं. तेव्हाची केबल टीव्हीच्या केबलसारखी काळी, गोल. ती या मशीनकडून त्या मशीनकडं अशी एका रांगेत जायची. प्रत्येक मशीनमागं इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा एक धातूचा तुकडा, त्यात एका बाजूनं केबल आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर. रांगेच्या दोन्ही टोकांना मात्र पुढं केबल नसते. तिथं टीच्या मोकळ्या तोंडावर एक छोटं टोपण बसवावं लागतं. त्याला टर्मिनेटर म्हणतात. दिसायला अगदीच क्षुल्लक. बोटाच्या पेराएवढं, चकचकीत, त्याला ना वायर ना दिवा. पण आत पन्नास ओहमचा रेझिस्टर असतो आणि तो टोकाला आलेला संदेश गिळून टाकतो. टोपण नसेल तर संदेश भिंतीवर मारलेल्या चेंडूसारखा परत फिरतो आणि मागून येणाऱ्यावर आदळतो. एक टोपण गेलं की सहाच्या सहा मशीन मुकी होतात.

मी सर्व्हरमागचा टी कार्डावरून काढून मीटर लावला. दोन्ही टोपणं जागेवर असली तर मीटर पंचवीस दाखवतो. पन्नास दाखवत असेल तर एक गायब. मीटरनं पन्नास दाखवले. सर्व्हरकडचं टोपण तर माझ्या हातात होतं. म्हणजे गायब होतं ते दुसऱ्या टोकाचं. टी परत बसवून मी सर्व्हर पुन्हा चालू केला.

"शैला, शेवटचं मशीन जी.एम.च्या केबिनमधलं ना?"

तिनं वही उघडून माझ्यापुढं धरली. पहिल्याच दिवशीच्या तारखेखाली तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, "दोन्ही टोकं तपासणे. सर्व्हरकडचं ठीक. दुसरं टोक जी.एम. केबिन. परवानगी मागितली, मिळाली नाही." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "परवानगी मागितली, मिळाली नाही."

मला लाज वाटली आणि संतापही आला. सातारहून येऊन, मीटर लावून मी जे शोधलं, ते या मुलीनं मीटरशिवाय पहिल्या दिवशी ताडलं होतं. तिला दारातून परत पाठवलं होतं आणि वर हलगर्जीचं पत्रही तिलाच.

मी तिला घेऊन तडक केबिनमध्ये गेलो.

"साहेब, तुमच्या मशीनमागं बघायचंय."

"माझ्या मशीनला काय धाड भरलीय? ते मी वापरतच नाही."

ते खरं होतं. मशीनवर प्लास्टिकचं कव्हर होतं आणि कव्हरवर जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा. "म्हणूनच बघायचंय," मी म्हणालो. "बघितल्याशिवाय मी लिनक्स काढणार नाही. मग पुण्याहून कुणालाही बोलवा."

साहेबांनी हात उडवला. मी टेबलामागं वाकलो. टी जागेवर होता. एका बाजूला केबल. दुसरं तोंड उघडं.

त्याच वेळी ज्ञानूमामा चहा घेऊन आले. मामा म्हणजे केबिनचे शिपाई, वडूजकडचे, पल्टनीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले.

"मामा, इथं मागं एक लहान चकचकीत टोपण होतं. कुणी काढलं?"

"ते बोंडूक व्हय?" मामा सहज म्हणाले. "आवं, ते देवापुढं हाय की!"

केबिनच्या कोपऱ्यात गणपतीची तसबीर होती, खाली छोटी फळी. फळीवर सुकलेला झेंडू, आपट्याची पानं, आणि त्यात हळदी-कुंकू लावलेला माझा टर्मिनेटर. चिंचेनं घासून लख्ख केलेला. साहेबांच्या खुर्चीपासून चार हातांवर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

"देवापुढं कसं गेलं, मामा?"

"खंडेनवमीला न्हवं का? दर खात्यानं आपापलं हत्यार पूजेला द्यायचं असतंय. फिटरनी पाने दिलं, लॅबनं वजनाचा काटा दिला. कॉम्पुटरचं द्यायला ह्या ताई न्हवत्या. मी सायबास्नी म्हनलं, कॉम्पुटरचं काय ठिऊ? तवा सायबांनीच मागं वाकून पिरगाळून काढून दिलं. म्हनलं, ह्ये सुटं लटकतंय, बिनकामाचं, ह्येच ठेव. दसरा झाल्यावर ज्यानं त्यानं आपलं हत्यार न्हेलं. ह्ये न्यायला कुनी आलंच न्हाई."

"मी कधी दिलं?" साहेबांचा आवाज चढला.

मामांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि ताठ उभे राहिले. "सायेब, वीस वर्सं पल्टनीत काढली. आमी तितं खोटं बोललो न्हाई, हितं बी बोलायचो न्हाई."

मी टर्मिनेटर उचलला. देवाला नमस्कार केला, कारण त्याची काही चूक नव्हती. हळद पुसली आणि टोपण टीवर बसवून अर्धा फेरा पिळलं. शैला सर्व्हरकडं धावली. मिनिटाभरात तिचा आवाज व्हरांड्यातून आला, "सर, लॅब आलं! स्टोअर आलं! सगळी आली!"

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण सर्व्हिस रिपोर्ट लिहायचा होता. त्यात एक रकाना असतो, "बिघाडाचे कारण".

"लिहा," साहेब म्हणाले, "लिनक्समध्ये दोष. दुरुस्त केला."

"आणि हे पत्र?"

"ते आमचं अंतर्गत आहे. तुम्ही त्यात पडू नका."

म्हणजे दोष लिनक्सचा, लिनक्स सांभाळणारी शैला, म्हणून पत्र बरोबर. मी ऑफिसातून सातारला सरांना फोन लावला. सगळं ऐकून सर म्हणाले, "अरे वाळिंबे, एका ओळीनं काय बिघडतंय? गिऱ्हाईक आहे. लिहून टाक आणि ये."

"सर, त्या ओळीनं एका पोरीची नोकरी जातेय."

"आपण नेटवर्क दुरुस्त करतो, जग नाही."

मी फोन ठेवला. माझं वय सत्तावीस होतं. आज इतक्या वर्षांनी तो प्रसंग आठवला की साहेबांपेक्षा सरांचाच जास्त राग येतो. साहेबांना निदान काही कळत नव्हतं.

मी लिहिलं: "जी.एम. केबिनमधील टर्मिनेटर जी.एम. यांनी पूजेसाठी काढला होता. पुन्हा बसवला. लिनक्समध्ये दोष नाही. ऑपरेटरने पहिल्याच दिवशी कारण ओळखले होते, तपासणीस परवानगी मिळाली नाही."

साहेबांनी सही करायला नकार दिला. मी वाद घातला नाही. रिपोर्टच्या तीन प्रती असतात. एक घेऊन सरळ आवक-जावकच्या टेबलावर गेलो. तिथल्या क्लार्कनं न वाचता ठप्पकन शिक्का मारला आणि आवक नंबर टाकला. ज्यांनी अशा ऑफिसात काम केलंय त्यांना कळेल. साहेबाची सही नसली तरी चालते, पण आवक नंबर पडलेला कागद नाहीसा करता येत नाही. तो खात्याखात्यांतून फिरतो आणि शेवटी चेअरमनच्या फाइलला लागतो. दुसरी प्रत मी शैलाच्या वहीत ठेवली. हे सगळं साहेबांना सांगूनही आलो.

चार वाजले. पत्रावर सही झाली नाही. दिवाळीत शैला कायम झाली. तिची माफी मात्र कुणीही मागितली नाही. मामांची केबिनमधून गेटवर बदली झाली. मामा म्हणाले, "बरं झालं, हितं वारं तरी लागतंय." मला सरांनी वर्षभर त्या गिरणीत पाठवलं नाही.

पुढच्या दसऱ्यानंतर गेलो, तेव्हा साहेबांच्या केबिनमध्ये फळीवर पुन्हा हळदी-कुंकू लावलेला टर्मिनेटर. मी घाईनं मशीनमागं वाकलो. तिथलाही जागेवर. शैला हसली. "सर, मी एक जास्तीचा मागवून घेतला. पूजेचा वेगळा, कामाचा वेगळा."

तेवढ्यात साहेब कुणा पाहुण्यांना घेऊन आत आले आणि त्यांना सांगू लागले, "आमच्याकडं लिनक्स आहे. तसं चांगलं आहे, फक्त दसऱ्याच्या सुमारास जरा त्रास देतं."

मी टूलबॅग उचलली. शैलानं वही. पण त्या पहिल्या दसऱ्यापासून मी एक नियम पाळत आलोय. नेटवर्क बंद पडलं की ज्या मशीनला हात लावायला मनाई असेल, त्याच्या मागं सगळ्यात आधी बघायचं.