संगजिऱ्याचा डबा

"गप बसा मास्तर. थांबू द्या त्याला."

एवढं बोलून दादा चाकाकडे पाठ फिरवत. अंगणात दोन स्टुलं शेजारी शेजारी मांडलेली, मधल्या फटीत कण्यावर टांगलेलं फटफटीचं चाक आणि त्याला एका बोटानं दिलेली हलकी गती. चाक फिरत असताना त्याच्याकडे बघायचं नाही आणि बोलायचंही नाही, असा त्यांचा दंडक होता. बघत बसलं की ते आपल्याला हवं तिथं थांबल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. मी मराठी शाळेचा मास्तर, दिवसभर पोरांना गप बसा म्हणणारा. मला गप बसवणारा अख्ख्या कर्जतात हा एकच माणूस होता.

चाकाची जी बाजू जड असेल ती फिरून फिरून खाली येते. दादा तिथं खडूची खूण करत आणि बरोबर समोरच्या तारेला शिशाचा तुकडा गुंडाळत. हे शिसं उल्हास नदीवर मासे धरणाऱ्या कातकऱ्यांकडचं, जाळं बुडावं म्हणून काठाला ओवतात ते. मग पुन्हा बोट आणि पुन्हा पाठ. चाक दर खेपेला निराळ्या जागी थांबायला लागलं की दादा खूश. "आता त्याला आवडनिवड राह्यली नाय," असं म्हणत आणि चहा मागवत.

दादा मूळचे खालापुराकडच्या भातशेतीवाल्या घरातले. पहिल्या लढाईत मेसोपोटेमियात गेले, तिथं मोटारी दुरुस्त करायला शिकले आणि परत आल्यावर कर्जतच्या भाताच्या गिरणीवर इंजिन चालवू लागले. फटफटी त्यांनी खोपोलीहून विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून घेतली होती. तिला शेजारी माणूस बसवायची एक पेटी जोडलेली होती. आळीतले लोक त्या पेटीला टोपली म्हणत. टोपलीत बसायच्या बाई, म्हणजे दादांची बायको. त्या पुण्याला रीतसर शिकलेल्या सुईण होत्या आणि कुठल्याही वाडीवरून बोलावणं आलं की पिशवी घेऊन निघत.

तुम्ही त्या दोघांना जाताना पाहिलं असतंत तर हसू आवरलं नसतं. दादा डोक्याला मफलर गुंडाळून ताठ बसलेले, आणि टोपलीत बाई पदर दातांत धरून, पिशवी पोटाशी कवटाळून. पण तालुक्यातल्या कितीतरी बायाबापड्या त्या फट्फट् आवाजाकडे कान लावून बसलेल्या असत. रस्त्यात चाक बसलं तर तिकडे कोणाचा तरी जीव टांगणीला लागायचा. म्हणून दादांची चाकांबद्दल एवढी किरकिर. टायर स्वतः घरी बदलायचा, दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही.

अवजारंही घरचीच. टायर उचकटायची पट्टी त्यांनी टांग्याच्या मोडक्या कमानीच्या पोलादी पात्यातून ठोकून काढली होती, इतकी गुळगुळीत की बाईंनी एकदा घाईत तिनंच भाकरी उलथली. त्या दिवशी दादा जेवताना सारखे भाकरीचा वास घेत होते. टायर सहज सरकावा म्हणून रिठ्याचं पाणी लावत. ट्यूब आत घालण्याआधी टायरात संगजिऱ्याची भुकटी शिंपडत, म्हणजे रबराला रबर चिकटत नाही आणि घासतही नाही. तान्ह्या बाळांच्या अंगाला लावतात तेच हे मऊ संगजिरं. बाईंनाही ते बाळंतिणीच्या घरी लागायचं. त्यामुळे घरात संगजिऱ्याचा एकच डबा, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेला, आणि त्यावर नवरा-बायकोची नेहमीची ओढाताण.

त्या वर्षी दसऱ्याला दादांनी मागच्या चाकाला नवा टायर घालायचं ठरवलं. पूजेला फटफटी नव्या टायरात उभी राहिली पाहिजे, अशी हौस. सकाळपासून रिठे, पट्ट्या, पंप असा पसारा मांडून बसले होते. तिकडे आळीतल्या बायका झेंडूच्या माळा आणि आरती घेऊन ताटकळल्या. माझी आई सगळ्यांत पुढं.

"आटप की रं दादा! आरतीतलं तूप संपत आलं!"

दादा हसले. डबा उचलून टायरात भसाभसा भुकटी शिंपडली आणि टायर चढवला. एरवी ते अशी घाई करत नसत. फटफटीला हळदकुंकू लागलं, माळ पडली, दादांनी पेढे वाटले. चांगला दिवस गेला.

पुढं भातकापणी सुरू झाली. एका दुपारी कशेळ्याच्या पलीकडच्या एका ठाकूरवाडीतला माणूस धापा टाकत आला. "बाय, बेगीन चला. बायको अडली हाय. कालपासनं सुटत नाय." एवढं सांगून तो आडवाटेनं परत पळालाही. मला कशेळ्याच्या शाळेत काम होतं, म्हणून मी दादांच्या मागं बसलो.

कर्जत बरंच मागं पडलं आणि गाडीचं बूड एकाएकी डोलायला लागलं. मग मोठ्यानं फट् झालं आणि आम्ही बांधाला टेकलो. मागचं चाक पार बसलं होतं. दादांनी टायर उचकटून ट्यूब बाहेर ओढली. तिला लांब चीर गेली होती. त्यांनी ठिगळ लावलं, वारा भरला, थोडे पुढं गेलो तर दुसरीकडून फाटली. पुन्हा ठिगळ, पुन्हा तेच. मुंबईहून यायची जास्तीची ट्यूब अजून आली नव्हती.

बाई टोपलीतून उतरल्या, पिशवी घेतली आणि चालू लागल्या. पुढं भाताचे भारे नेणारी एक बैलगाडी मिळाली, तिच्यात चढलेल्या दिसल्या. दादा रस्त्यावर फाटकी ट्यूब घेऊन उभे होते. गाडी वळणाआड गेली तरी तसेच उभे.

दिवस मावळताना बाई त्याच बैलगाडीतून परत आल्या. "गेली," एवढंच म्हणाल्या. "मी पोचले तेव्हा अंग अजून गरम होतं." मागून तिचा नवरा चालत आला होता, बाईंना एकटं सोडायचं नाही म्हणून. तो दादांसमोर येऊन हात जोडून म्हणाला, "तुमी निघालात ह्येच लय झालं, दादा. आमचं नशीब." दादांनी मान वर केली नाही. त्यापेक्षा त्या माणसानं दादांना चार शिव्या घातल्या असत्या तरी मला बरं वाटलं असतं. फटफटी बैलगाडीला बांधून आम्ही घरी आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा अंगणात टायर घेऊन बसले. मी शेजारी होतो. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, दारापाशी, बाई पाठमोऱ्या बसून रांगोळी घालत होत्या. दादांनी टायरच्या आतून बोट फिरवलं आणि थांबले. बोट अंगठ्यावर चोळलं. मग माझा हात धरून आत नेला.

"मास्तर, बघा."

भुकटी मऊ नव्हती. वाळूसारखी बोचत होती. दादांनी डब्याचं झाकण उघडलं. आत पांढरीशुभ्र रांगोळी होती, कुटलेल्या दगडाची. त्या कणांनीच ट्यूब आतल्या आत खरवडून काढली होती. दादा हलक्या आवाजात म्हणाले, "दसऱ्याला घरात डबा रिकामा ठेवत नाय ती. संगजिरं संपलं व्हतं. हाताला लागली ती रांगोळी भरली आसंल." आणि ते दाराकडे बघत राहिले. तिकडे बाईंची बोटं पांढऱ्या रेघा ओढत होती, हातात तीच रांगोळी.

खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं की आता हे ओरडणार. दादा उठले. कुंपणाच्या बाभळीचा एक लांब काटा मोडून आणला आणि तो नव्या टायरात बाहेरून अंगठ्यानं दाबत दाबत आत घुसवला. ज्या टायराला ते दुसऱ्याचा हात लागू देत नसत, त्यात. अंगठ्यातून रक्त आलं तरी दाबतच राहिले.

"ह्ये तुमच्यात आन् माझ्यात, मास्तर," ते म्हणाले. मग मोठ्यानं हाक मारली, "अगं, ह्यो बघ. काटा व्हता."

बाई आल्या. काट्याकडे बघितलं, दादांच्या अंगठ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या आणि घरात गेल्या. दारातली रांगोळी अर्धीच राहिली होती. दादांनी टायर घासून घासून धुतला आणि डबा परसात नेऊन रिकामा केला.

गावात बभ्रा झाला. घरच्या घरी चाकं बदलायची हौस, त्यापायी एक बाळंतीण गेली, असं गिरणीचा शेठ चारचौघांत म्हणाला. दादा तिथंच उभे होते. "व्हय शेठ. हात चुकला माझा," एवढंच बोलले. मी नंतर चिडून विचारलं की निदान काट्याचं तरी का सांगितलं नाहीत. ते म्हणाले, "काटा घरापुरता हाय."

त्यानंतर दादा बदलले. चाक स्टुलांवर टांगून तासन्‌तास बसत. ते नीट थांबलं तरी त्यांचा विश्वास बसत नसे, पुन्हा फिरवत. आवडनिवडीचं बोलणं बंद झालं. संगजिरं टायरात घालण्याआधी चिमटीत चोळून बघत, पण बाई आत असल्या तरच. बोलावणं आलं की दोघं पूर्वीसारखीच निघत. ओळखीचा आवाज आळीतून जाई, फक्त त्यावर आता कोणी हसत नसे.

आणखी एक गोष्ट माझ्या आईच्या लक्षात आली. बाईंच्या दारात रांगोळी दिसेनाशी झाली. सणासुदीलाही नाही. आईनं टोकलंच, "सवाष्णीचं दार आन् रांगोळी नाय? बरं दिसतं का ग?" बाई म्हणाल्या, "सकाळी फार घाई असते हो." दादा तिथंच पंपाला तेल देत होते. त्यांनी ऐकलं आणि तेल देत राहिले. मला कधी कधी त्या दोघांचा रागच येई. एका ताटात जेवल्यासारखी माणसं, पण घरात एक विषय असा की त्याला दोघंही वळसा घालून जात.

काही वर्षांनी पावसाळ्याच्या शेवटी दादांना हिवतापानं धरलं आणि त्यातून ते उठले नाहीत. आजारी पडले त्या दिवशी मागचं चाक स्टुलांवर टांगलेलं होतं. ते तसंच राहिलं. आमच्या ओट्यावर बसलो की मला ते समोर दिसायचं.

तेरावं झाल्यावर बाईंनी मला बोलावलं. फटफटी घ्यायला चौक गावचा एक माणूस येणार होता, चाक चढवायला हात लावा म्हणाल्या. मी चाकाजवळ गेलो. बाई मागून म्हणाल्या, "मास्तर, तो काटा…"

इतकी वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो. "काटाच होता बाई," मी म्हणालो. "माझ्या डोळ्यांदेखत काढला."

बाई हसल्या. ते हसणं बघून माझीच मान खाली गेली.

"मी पाठमोरी होते," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही दोघं एकाएकी गप झालात म्हणून वळून बघितलं. बाभळीशी गेलेले दिसले. टायर धुतलेलं पाणी दुपारी अंगणात वाळलं होतं, त्याचा पांढरा थर मी बोटावर घेतला. रोज रांगोळी घालणारी बाई मी. रांगोळी आणि संगजिरं मला बोटाला कळत नाही, असं वाटलं होय तुम्हा दोघांना?"

"मग त्यांना बोलला का नाहीत?"

"ती बाळंतीण माझ्या डोळ्यांपुढून एक दिवस हलली नाही, मास्तर. त्यांनी तिचं मरण स्वतःच्या अंगावर घेतलं. गावाचं ऐकून घेतलं. अंगठा फुटेपर्यंत काटा टोचला, माझ्यासाठी. तो मी कुठल्या हातानं उपटून टाकू?"

मला काहीतरी बोलायचं होतं, काय ते आता आठवत नाही. बाई पुढं झाल्या आणि त्यांनी चाकाला एक बोट लावलं.

"गप बसा मास्तर," त्या म्हणाल्या. "थांबू द्या त्याला."

आम्ही दोघांनी चाकाकडे पाठ फिरवली. दादांनी त्याचा तोल इतका नीट साधला होता की कण्याची बारीक कुरकुर बराच वेळ मागून ऐकू येत राहिली.