चुलवणाची भिंत

भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत. पदर नाकापर्यंत, आणि सांगायचंच झालं तर नवऱ्यामार्फत. आग लागो त्या रीतीला!

महाराष्ट्र नुकता झाला होता. आता हिवरा आश्रम म्हणतात त्या गावापलीकडे नदीकाठी आमचं गुऱ्हाळ. त्या साली भासऱ्यांनी नवं चुलवण, म्हणजे गुळाची भट्टी, बांधलं. एकाच जाळावर दोन कढया: पुढचीत गूळ पिकायचा, आणि धुराड्याकडे वाया जाणाऱ्या धगीवर मागचीतला कच्चा रस तापायचा. जाळायची उसाची चिपाडं खूप वाचली, खोटं कशाला बोलू. पण जाळ घालायला मी बसायची. मागची उतू चालली म्हणून जाळ कमी करावा, तर पुढचा गूळ अडायचा. पुढचीला जाळ द्यावा, तर मागची अंगावर यायची. मागच्या कढईला टाळून धग थेट धुराड्यात जाईल अशी एक बाजूची वाट हवी होती. तिला पत्र्याचं झाकण लावलं, की हवं तेव्हा उघडता आलं असतं.

मी नवऱ्याला सांगितलं. माणूस सोन्यासारखा, पण भावापुढे पार मेंढरू. तो काय पुटपुटला देव जाणे. भासरे ओरडले, "विटा का तुह्या सासऱ्यानं पाठवल्या? धग फुकट घालवाले नाही बांधलं म्या हे!"

एका दुपारी चरकाचा बैल खाली बसला आणि रस थांबला. भासरे त्याला रक्त निघेस्तोवर पराणी टोचत राहिले, बैल उठेना. मागची कढई आटू लागली, फेस काठावर आला. पुढचा गूळ ऐन उतरायला आलेला. मी चिपाड टाकायचं थांबवलं.

"जाळ घाल म्हन तिले! गूळ बिघडला तं कापून काढीन!" भासरे नवऱ्यावर खेकसले. आणि तो बावळट माझा, बादली घेऊन मागच्या कढईत पाणी ओतायला धावला. आटून दाट झालेला रस पाणी पडताच भसकन उसळला आणि त्याच्या पायावर आला.

ती किंकाळी अजून कानात आहे. तो कढईला लागूनच पडला, वरून फेस सांडतच होता. मला भासऱ्यांचा जीव घ्यावासा वाटला. मी लोखंडाची जड सब्बल उचलली आणि धग मागच्या कढईखाली जायच्या आत बाहेर पडावी म्हणून दोन कढयांच्या मधे चुलवणाची बाहेरची भिंत फोडायला लागले. विटा उडाल्या, आगीचा लोळ बाहेर आला, माझ्या भुवया जळाल्या. मागचा फेस खाली बसला.

"माह्या भट्टीले हात लावते!" भासऱ्यांनी केस धरून मला मागं ओढलं. पदर कधीच गेला होता. मी वळले आणि सब्बल त्यांच्या छातीला लावली.

"केस सोडा, नाही तं हीच पोटात खुपसीन!"

लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. त्यांनी केस सोडले.

नवरा वाचला. पाय मात्र कातडी आखडून कायमचा वाकडा झाला. पुढच्या हंगामात भासरे स्वतः विटा घेऊन बसले, मी फोडलं होतं तिथंच वाट ठेवायला. नवरा काठी टेकून बाजूला उभा होता. भासऱ्यांनी पहिल्यांदाच थेट मला विचारलं, "झाकन केवढं ठेवू, बाई?"

मी पदर नाकापर्यंत ओढला आणि नवऱ्याकडे हात केला.

"यायले इचारा," मी म्हटलं. "मांगच्या साली म्या यायच्याचजवळ सांगतलं होतं."