बूटकाकांची आठ दिवसांची रजा

ऑफिसात त्यांना बूटकाका म्हणतात. पायात मात्र बारा महिने चप्पल, त्यामुळे नवा माणूस आधी त्यांच्या पायांकडे बघतो. कंपनी लिफ्टचे कंट्रोल बोर्ड बनवते; त्या बोर्डाला वीज मिळाली की जो इवलासा प्रोग्राम सगळ्यात आधी जागा होतो आणि बाकीच्यांना उठवतो, तो बूटलोडर. काका गेली चौदा वर्षं तो सांभाळतात. वय त्रेपन्न, चष्मा कपाळावर, आवाज कायम एक पट्टी वर.

बूटलोडर तयार करायचा, म्हणजे बिल्ड करायचा, तर वाटेत काही छोट्या स्क्रिप्ट चालवाव्या लागतात. त्या पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेल्या आहेत, म्हणून कॉम्प्युटरवर पायथन असावा लागतो. जुन्या कॉम्प्युटरवर ‘पायथन’ म्हणून हाक मारली की जुनी आवृत्ती येते, आणि तिला या स्क्रिप्ट कळत नाहीत. नव्या कॉम्प्युटरवर त्या नावाचं कुणी नसतंच. तिथे नाव ‘पायथन-थ्री’. यावर काकांचा तोडगा ठरलेला होता. नवं मशीन आलं की ते खुर्ची ओढून बसत, त्यावर स्वतःच्या नावाचं खातं उघडत, त्यात योग्य पायथनकडे नेणारा एक दुवा ठेवत आणि चहा मागवत. काकांचा हात लागल्याशिवाय बिल्ड होत नाही, हे सगळ्यांनी मान्यच केलं होतं. काकांनीही कधी खुलासा केला नाही. कशाला करतील?

अडचण घरातून आली. ऑफिसच्या फोनमुळे दोन सहली अर्ध्यावर सोडाव्या लागलेल्या बायकोने तिसरीची तिकिटं काढली आणि शांतपणे सांगितलं, “या वेळी तुमचं नाही जमलं, तर तुमच्या जागी माझा भाऊ येईल. त्याची बॅग भरून झालीये.”

काका साहेबांकडे गेले.

“आठ दिवस? खुशाल जा,” साहेब म्हणाले. “पण तुमचा हात न लागलेल्या मशीनवर बिल्ड होऊ दे. उद्या पाचपर्यंत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी बिल्डच्या फाइलमध्ये बारा ओळी घातल्या. आधी पायथन-थ्री शोध. नसेल तर पायथन शोध. सापडेल त्याला आवृत्ती विचार. जुनी निघाली तर थांब आणि तसं सरळ सांग. चौदा वर्षांचं गुपित बारा ओळींत बसलं, हे त्यांना फारसं आवडलं नाही.

चार वाजता टेस्टिंगच्या ताईंनी खोक्यातून आलेला कोरा कॉम्प्युटर तयार ठेवला.

“काका, हात मागे. आणि दोन पावलं लांब.”

“मी काय चोर आहे का?”

“ते कळेलच आता.”

बिल्ड सुरू झालं. पायथन सापडला, आवृत्ती बरोबर निघाली. काकांनी अभिमानाने मान डोलावली. तेवढ्यात लाल ओळ आली आणि सगळं थांबलं.

ताईंनी ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि तोंडावर हात धरला. “काका, हे काय शोधतंय माहितीये? तुमचं घर!”

खरंच होतं. एका स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत पायथनचा पूर्ण पत्ता दिलेला होता, आणि तो काकांच्या खात्यातल्या फोल्डरचा होता. काकांनी ती कधीकाळी स्वतःपुरती लिहिली होती. पुढे प्रत्येक मशीनवर ते स्वतःचं खातं उघडत गेले, म्हणून तिने कधी तक्रार केली नाही.

“कुणी लिहिलीये ही?” ताईंनी विचारलं.

“तेव्हा घाई होती.”

“मी ‘कुणी’ विचारलं, ‘का’ नाही.”

काका आपल्या जागेवर जाऊन ती ओळ बदलू लागले. ताईंनी मागून आवाज दिला, “आणखी कुठे कुठे राहता तेही बघून घ्या!”

आणखी दोन ठिकाणी राहत होते. तिन्ही पत्ते पुसून झाले, तेव्हा पाचला दहा मिनिटं होती. ताईंनी पुन्हा बिल्ड सुरू केलं. काका लांब उभे, हात मागे. चार मिनिटांनी बूटलोडर तयार झाला.

साहेब बघायला आले आणि भलतेच खूश झाले. “अरे वा! म्हणजे तुमची गरजच लागली नाही की! मग आठच दिवस का? महिनाभर जा.”

ताई खिडकीतून बाहेर बघू लागल्या.

“आठ म्हणजे आठ,” काका म्हणाले. पहिल्यांदाच आवाज एक पट्टी खाली आला होता.

साहेबांनी अर्जावर सही केली. काकांनी कागद दोनदा वाचला, कुठे हरकत घेता येते का ते पाहिलं आणि घडी करून खिशात टाकला.